झोपेच्या जागेवर रुमाल

नसरापूरला खिडकीतून रुमाल टाकून मी वेल्ह्याच्या एसटीत जागा धरली. शेजारची मुलगी लॅपटॉपवर औषधाचा कण एका खाचेत बसवायला फिरवत होती. त्याच्याबरोबर तिची मानही वळायची. मी लाजत बघत होते, तर म्हणाली, "मावशी, ही मेंदूतली झोपेची जागा. चहा तुमच्यासारखा आधीच रुमाल टाकतो, मग झोप उभीच राहते. कंपवातानं ज्यांचे हात थरथरतात, त्यांनाही ही जागा अडवली की थोडा आराम पडतो; त्यांच्यासाठी असंच जागा धरणारं औषध शोधतेय. लई दिवस झाले, नीट बसतच न्हाई."

विंझरच्या थांब्याला ती एकदम ओरडली, "बसलं!"

कंडक्टर दचकला. "उतरायचंय व्हय, ताई?"

"न्हाई हो, आत्ता कुठं जागा मिळालीय!"

परक्यांत तोंड न उघडणारी मी मोठ्यानं हसले.

आता चहा पिऊन झोप लागेनाशी झाली, की वाटतं, झोप बिचारी रुमालाकडं बघत उभी असेल.