हशाची जागा

आमच्याकडे नाटक आवडलं की लोक घरी जात नाहीत, आत येतात. रंगपटात ही गर्दी होते. घामाघूम नटाचा हात धरून कुणीतरी बोलत राहतं, कुणी जबरदस्तीने वडा पुढे करतं. परदेशात दौऱ्यावर गेले, तर तिथे तसं नाही. तिथे उभं राहून टाळ्या वाजवतात, कोट चढवतात आणि जातात. मी हॉटेलच्या खोलीत एकटी चहा ढवळत बसायचे. मराठीत कुणाशी भांडावं म्हटलं तर तेही नशिबात नाही.

माझं एकपात्री नाटक बाबांवर आहे. कल्याणजवळ मोहन्याच्या चाळीत राहून त्यांनी कारखान्यात जन्म काढला. कारखाना बंद पडल्यावरही ते भोंग्याच्या वेळेला उठून आईकडे डबा मागायचे. ते गेल्यावर मी हे लिहिलं. एवढीशी गोष्ट, पण तिकडच्या कार्यक्रमपत्रिकेत तिला ‘वसाहतोत्तर रंगभूमी’ म्हटलेलं. प्रयोगानंतर चर्चा व्हायची आणि जो तो इंग्रजांबद्दल विचारायचा. अहो, बाबांनी जन्मात इंग्रज बघितला नव्हता! डब्यात काय असायचं, हे एकानेही विचारलं नाही.

माझ्या डोक्यावरच्या पडद्यावर भाषांतराच्या इंग्रजी ओळी उमटायच्या. बाबांचं बोलणं म्हणजे तोफखाना. त्या ओळी मागेच राहायच्या आणि हशा भलत्याच जागी यायचा. सुरुवातीला जाम चिडले मी. मग शिकले. वाक्य टाकायचं, थांबायचं, त्यांना वाचू द्यायचं, हसू द्यायचं, मग पुढचं. त्या दौऱ्यात तेच अंगवळणी पडलं.

परत आले आणि कल्याणला प्रयोग लागला. अख्खी चाळ आलेली. आई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. खरं सांगते, मला हाच एक प्रयोग हवा होता. बाबा आपल्या माणसांना पुन्हा भेटावेत, बस्स. तिसरी घंटा झाली. पहिल्याच वाक्याला हशा आला, लगेच. आणि मी थांबले. हशा विरला तरी थांबलेलीच. पुढच्या वाक्यालाही तेच. मला कळत होतं, पण गाडी काही सुटेना. लोक हळूहळू हसायचे बंद झाले. इथे डोक्यावर कुठल्याच इंग्रजी ओळी नव्हत्या, तरी मी त्यांची वाट बघत होते.

टाळ्या पडल्या, रीत म्हणून पडतात तशा. मी रंग न पुसता दाराकडे बघत बसले. कुणीच आत आलं नाही. इतकं एकटं तर मला त्या हॉटेलातही वाटलं नव्हतं.

शेवटी आई आली. पिशवीतून डबा काढला, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी माझ्यापुढे ठेवली. मी पहिला घास घेतल्यावर मग बोलली.

“तुझे बाबा असं थांबत थांबत फक्त साहेबापुढे बोलायचे. आमच्याशी नाही.”