लांब चटईचं गिऱ्हाईक

जीनत लग्न होऊन जळगावात आली आणि सहा महिन्यांत एमआयडीसीतल्या पारसशेठच्या कारखान्यात चटया विणायला लागली. बारा माग, दोन पाळ्या. तिच्या हातची चटई पार आफ्रिकेपर्यंत जाते, हे ती माहेरी गेली की आवर्जून सांगायची.

मग आयात खुली झाली. परदेशातून तयार चटया बाजारात यायला लागल्या, इतक्या स्वस्त की पारसशेठना तेवढ्यात कच्चा मालही मिळेना. वर्षभर त्यांनी तग धरला आणि शेवटी स्वतःच तो माल मागवायला सुरुवात केली. आठ माग भंगारात गेले. बहुतेक बायका घरी बसल्या. जीनतला ठेवलं, पण विणायला नाही. आलेले गठ्ठे फोडायचे आणि चटईवर आपल्या कारखान्याचा शिक्का मारायचा.

"दुसऱ्याच्या लेकराला आपलं नाव दिल्यासारखं वाटतं," ती नवऱ्याला म्हणाली.

हसीब रिक्षा चालवायचा. त्याचा भाऊ सुरतेला होता. "ईद झाली की आपणही तिकडंच जाऊ," तो म्हणाला. "उरलेले चार माग विकले की तुला कोण ठेवणार?"

जीनतला सुरत नको होती, पण नको म्हणायला तोंड कुठं होतं?

ईदला दोन महिने उरले असताना साक्रीचे मंडपवाले हिलालभाऊ गोदामात आले. लग्नाच्या पंगतीला पार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल अशी सलग चटई त्यांना हवी होती. गोदामात सगळ्या एकाच मापाच्या.

"जोडून टाका," पारसशेठ म्हणाले.

"जोडावर पाय अडकस, भाऊ. वाढपी पडनात मागल्या लग्नात, वरणनी बादली धरीसन!" एवढं बोलून हिलालभाऊ चपला घालायला वळले.

जीनत हातातला गठ्ठा टाकून पुढं झाली. "शेठ, आपण विणून देऊ की. माग आहेत अजून."

"एका माणसासाठी माग चालू करू?"

"मी एकलाच शे का?" हिलालभाऊ थांबले. "साक्रीना बठ्ठा मंडपवालास्ले अशीच चटई जोयजे. कोनी देतच नही."

साक्रीच्या सगळ्याच मंडपवाल्यांना हवी म्हटल्यावर पारसशेठ हिशेब करू लागले. एवढ्या लांबीची चटई आणि तीही मोजक्या नगांत, परदेशातून कोण पाठवणार होतं? उरलेले चार माग न्यायला भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्यांनी त्याला फोन लावला आणि म्हणाले, "येऊ नका."

पहिली चटई विणताना धागा दोनदा तुटला. जीनतने गाठ मारून तो पुन्हा ओवला. चटई साक्रीला गेली, आणि तिच्यामागून चाळीसगावचे, मुक्ताईनगरचे मंडपवाले आले. चारही माग सुरू झाले. भंगारात गेलेले आठ काही परत आले नाहीत, आणि लहान चटया अजून बाहेरूनच येतात. जीनतच्या शेजारच्या मागावरची ज्योती आता डाळमिलमध्ये रमली आहे. बोलावलं तरी आली नाही.

चाँदरातीला जीनत शेवया भाजत होती. बाहेर हसीब फोनवर बोलत होता, "नाही भाई, आम्ही इथंच राहतो. हिचं काम सुरू झालंय पुन्हा."

जीनतने गॅस बंद केला आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.