वढून पाहा

गाठ बांधून झाली की तो दोराची एक बाजू समोर उभ्या माणसाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “वढून पाहा.” दुसरी बाजू त्याच्या हातात. विहिरीत जनावर पडलेलं, काठावर आरडाओरडा. याला घाई नाही.

दारव्हा तालुक्यात अशा बातम्यांना गेलो की हा माणूस भेटायचा. तुम्हीही अशा काठावर कधी उभे राहिला असाल. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, एक दोर पुरत नाही, दोन जोडावे लागतात. तो जाड दोर दुमडायचा, बारीक त्यातून काढून दोनदा गुंडाळायचा, त्याच्याच खाली दाबायचा आणि वीतभर शेपूट ठेवायचा. मी ओढलं की म्हणायचा, “साहेब, पेन उचलून राह्यले काय? वढा!”

त्याचा नियम एकच. ज्यानं बांधलं, त्यानंच उतरायचं. दुसऱ्याचा जीव आपल्या गाठीवर टांगायचा नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले. त्या उन्हाळ्यात बोरी अरबजवळच्या एका गावात एका बाईची गाभण कालवड विहिरीत पडली. उतरायला त्याचा भाचा तयार झाला. जीप चालवणारा, दोन लेकरांचा बाप. लोकांनी दोर मामापुढे टाकले. त्यानं हात लावला नाही.

“मी उतरत नाही. मंग बांधू कायले? तूच बांध.”

भाच्यानं बांधली. मामानं ओढली, नायलॉनचा दोर सरकला. “सोड.” पुन्हा बांधली. “सोड.”

खालचा आवाज बारीक होत चालला होता. बाई रडत म्हणाली, “मामा, मरून राह्यली नं माही कालवड! तुमीच बांधा नं!”

“बाई, खाली हा जाऊन राह्यला.”

तिसरी गाठ टिकली. भाचा धड वर आला. कालवड मेलेली निघाली.

मी चार ओळींची बातमी दिली. अशा बातम्या आता हात आपोआप लिहितो. गाठीला लागलेला वेळ त्यात नव्हता. ती बाई त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. तो एकदाच मला म्हणाला, “मी बांधली असती तर निघाली असती, साहेब.”

गेल्या हिवाळ्यात तो वारला. यंदा त्याच गावात एक बकरी पडली. भाच्यानं गाठ बांधली, दोर कमरेला लावला. लोक “उतर, उतर” करत होते. मी वही बगलेत मारली आणि गाठीची एक बाजू उचलली. दुसरी कोण धरतं म्हणून पाहिलं, तर कालवडवाली बाई पुढे आली होती. तिनं दोर मनगटाला गुंडाळला, पाय रोवले.

“वढा, साहेब,” ती म्हणाली.