पालखीच्या आधी पोचायचं तिकीट

आमच्या मस्कतच्या खोलीत विमानतळाचे किस्से कपाटावरच्या रिकाम्या खोक्यांसारखे साठत जातात. कामाचे नाहीत, पण टाकवतही नाहीत. दिवसभर एसी दुरुस्त करून आलं की अंगात त्राण नसतं. मग भात शिजेपर्यंत कोणीतरी एक खोका खाली काढतो. सगळ्यांचं ऐकून पाठ झालेलं असतं, तरी ऐकतात. दुसरं करणार काय!

खोलीत आम्ही तिघे. मी आणि अनंता वेळणेश्वराकडच्या एकाच वाडीतले. तिसरे इक्बालभाई, खेडचे, वयानं मोठे. तिकिटं काढायचं खातं त्यांच्याकडे. स्वस्त तिकीट आपल्याला वासावरून कळतं, असं ते स्वतःच सांगतात.

बहुतेक किस्से अनंताच्या शिमग्याचे. त्याचे वडील गेले, आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून ती खेडला लेकीकडे असते. वाडीतलं घर बंद. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते, पण बंद दारापुढे थांबत नाही. सरळ पुढच्या अंगणात जाते.

म्हातारीचं म्हणणं एकच. "तू येणार असशील तर दार उघडते. पालखी दारात आली नि खांदा द्यायला घरचा माणूस नाय, हे मला बघवायचं नाय." घरावरून पालखी तशीच पुढे गेली की त्या दिवशी ती खेडात बसून जेवत नाही. गोष्ट एवढीशी, पण मध्ये समुद्र आहे आणि तिकीट आहे.

* * *

पहिल्या वर्षी इक्बालभाईंनी असं तिकीट काढलं, की मुंबईला जायचं तर आधी उलट्या दिशेला उडायचं. मधल्या विमानतळावर थोडा थांबा होता. थांबा कसला, मुक्कामच झाला! पुढचं विमान बिघडलं आणि अनंता तिथेच लोखंडी खुर्चीवर पडून राहिला.

तिथून त्याचा फोन आला. "इक्बालभाई, होडी वल्हवत निघालो असतो तरी एव्हाना दाभोळ दिसलं असतं!"

इक्बालभाई शांतपणे म्हणाले, "पण स्वस्त पडलं की नाही?"

अनंता घरी पोचला तेव्हा पालखी देवळात परत गेली होती.

* * *

दुसऱ्या वर्षी थेट विमान, तेही फार आधी काढून ठेवलेलं. सगळे खूश. पण पालखी कुठल्या वाडीत कधी जायची, हे ठरतं गावकीच्या बैठकीत, आणि बैठक बसते होळी तोंडावर आली की. तिकीट स्वस्त असतं ते त्या बैठकीच्या आधी! बैठकीत आमच्या वाडीची पाळी तिकिटाच्या तारखेआधीच आली. तिकीट काही बदलेना.

अनंतानं गावकीच्या प्रमुखांना, बाबूकाकांना फोन लावला. "काका, दोन दिवस पुढे नाय का ढकलता येणार?"

काका म्हणाले, "बाबा रे, देवीचं तिकीटपण नॉन-रिफंडेबल असतं!"

हा किस्सा सांगताना आम्ही हसतो. अनंता उठून भाताखालचा गॅस बघायला जातो.

* * *

माझाही एक आहे. मी घरी जाताना हातातल्या बॅगेत बामच्या बाटल्या भरतो. गावाला दुसरं काही नेलं नाही तरी चालतं, बाम लागतोच. मशीनमधून बॅग गेली आणि परत आली. तपासणीवाला साहेब हिंदी बोलणारा होता. एकेक बाटली काढून टेबलावर मांडत गेला आणि शेवटी दमला.

"एवढं काय दुखतं तुमचं?"

मी म्हटलं, "साहेब, माझं काही नाही. आमची अख्खी वाडी दुखते!"

निम्म्या बाटल्या तिथेच राहिल्या. गावात तोंड चुकवत फिरलो.

* * *

इक्बालभाईंची तऱ्हा वेगळी. बॅगेचं वजन जास्त भरलं की ते कपडे अंगावर चढवतात. एकदा जॅकेटखाली जॅकेट, त्याखाली स्वेटर, खाली दोन शर्ट. वर मस्कतचा उन्हाळा! तपासणीत जॅकेट काढा म्हणाले, यांनी काढलं. आत दुसरं. तेही काढलं, तर आत स्वेटर. मागची रांग खोळंबली.

साहेबानं विचारलं, "अजून कोण आहे का आत?"

"आता मीच आहे, साहेब," इक्बालभाई घाम पुसत म्हणाले.

* * *

यंदा अनंतानं बैठक होईपर्यंत तिकिटाचं नाव काढलं नाही. काकांनी दिवस सांगितला आणि मगच इक्बालभाई कामाला लागले. थेट विमान इतकं महाग झालेलं, की त्यांनी मुकाट्यानं विनासामानाचं तिकीट काढलं. फक्त हातातली एक बॅग. तिच्यात देवीच्या ओटीची साडी आणि एक पितळी घंटा. मला रजा मिळाली नाही. खेडहून म्हातारी लेकीबरोबर काठी टेकत निघाली आणि तिनं दार उघडलं.

इकडे मस्कतच्या विमानतळावर मशीनला घंटा दिसली. साहेबानं बाहेर काढून हलवून बघितली. ठणण्! रांगेतल्या दोघाचौघांनी नकळत हात जोडले! पण चौकशीत वेळ गेला, विमानाची शेवटची हाक झाली. अनंता बॅग उचलून पळत सुटला आणि कमरेचा चामडी पट्टा ट्रेमध्येच राहिला.

इथल्या उन्हानं माणूस वाळतो. पँट कमरेवर टिकेना. मुंबईहून चिपळूणला पोचून दुकान शोधावं, तर गुहागरची एसटी सुटायला लागलेली. कंडक्टरनं सुतळी दिली, ती बांधून गडी वाडीत उतरला.

अंगणात ढोल वाजत होते, पालखी आलेली. बहिणीनं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. इकडे खोलीत मी आणि इक्बालभाई एकाच फोनमध्ये डोकी घालून बसलेलो. अनंता दिसला आणि माझे डोळे भरले, लपवत नाही.

पालखीला चामडं चालत नाही. बाबूकाका ओरडले, "आधी चामडं उतरव रे!"

"ते विमानतळावरच उतरवलंय, काका!"

चप्पल भिरकावून त्यानं खांदा दिला. ढोल चढला, पालखी उसळायला लागली, आणि सुतळी तुटली! दोन्ही हात दांड्याला. सोडावे तर पालखी कलंडणार, न सोडावे तर सगळ्या वाडीसमोर शोभा. अनंता जागच्या जागी थबकला.

म्हातारीनं काठी टाकली. तशाच गुडघ्यांनी अंगणात शिरली, लेकाच्या मागे गेली आणि दोन्ही मुठींनी कंबर घट्ट धरली.

"नाचव तू! पँट मी धरलीय!"