मूळ कारण : आमचे मालक

पुनावळ्यापासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आजवर जेवढ्या चुका झाल्या असतील, त्यातल्या निम्म्या तरी एकट्या आमच्या मालकांनी केलेल्या आहेत. हे मी रागानं म्हणत नाही. लेखी पुरावा आहे, आणि तो त्यांनी सांगितला नि मी माझ्या हातानं उतरवला आहे. मालक पुनावळ्याचे, पिढीजात शेतकरी. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, मंगल कार्यालयं काढली. यांनी चाकणला पत्र्याची शेड टाकून लाकडी पेट्या ठोकायला सुरुवात केली. यंत्रांचे सुटे भाग ज्यातून परदेशी जातात, त्या पेट्या. का, तर लहानपणापासून खिळे ठोकायला आवडतं म्हणून. मी लातूरकडून नोकरी शोधत आलो आणि एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कारकून म्हणून चिकटलो. टेबलाशी बसून लिहितो तो तलाठी, अशी त्यांची पक्की समजूत, आणि तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हणतात, म्हणून पहिल्या दिवसापासून मी ‘भाऊसाहेब’.

मालकांनी बसून पत्र सांगितलं असं कधी झालं नाही. ते शेडमध्ये फेऱ्या मारणार, मी वही घेऊन मागे, आणि बाजूला करवत किंचाळत असणार. एकदा एका मोठ्या कंपनीच्या पर्चेस मॅनेजरला पेट्यांच्या मापांबद्दल लिहायचं होतं. त्यात त्यांनी साहेबांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी घातली, निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला आणि सगळ्यात शेवटी माप बरोबर असल्याचं एका ओळीत कळवलं. मी ते नीट भाषेत टाइप करून आणलं, तर ऐकून म्हणाले, “गुडगा कुटं गेला, भाऊसाहेब?” गुडघा परत घालावा लागला. शिवाय ज्यानं पेटी ठोकली त्याला पत्र वाचून दाखवल्याशिवाय ते पाठवायचं नाही, हा नियम. आमचा मिस्त्री उत्तरेकडचा, त्याला निम्मं कळत नसे, तरी तो हातोडी खाली ठेवून ऐके आणि गंभीरपणे मान हलवी. “त्याच्या कामाबद्दल लिव्हतोय, मंग त्याला कळाया नगं?” असं मालकांचं म्हणणं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात माल परत आला की कंपनीला उत्तर द्यावं लागतं, आणि त्यात ‘मूळ कारण’ असा एक रकाना असतो. तिथं काय लिहायचं हे सगळ्या शेडवाल्यांना पाठ आहे : कामगाराची चूक, कामगारास समज देण्यात आली. आमच्या मालकांनी हे एकदाही लिहू दिलं नाही. फळी ओली निघाली? ‘लाकूड घ्यायच्या दिवशी मी मेहुणीच्या लग्नाला गेलो होतो, बघायला कोणी नव्हते.’ खिळा आतून बाहेर आला? ‘माझी दाढ दुखत होती, लक्ष नव्हते.’ आणि नुसतं लिहून थांबले असते तर ते मालक कसले! पत्र घेऊन स्वतः कंपनीत जायचे, साहेबासमोर हात बांधून उभे राहायचे, पोटभर बोलणी खायचे, वर त्याच साहेबाचा चहा पिऊन एखादं लग्न लावून आल्यासारखे खुशीत परतायचे.

यंदा डॉक्टरांनी त्यांना फेऱ्या बंद करायला सांगितल्या आणि त्यांची मुलगी शेड बघू लागली. ताई हुशार, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली. तिनं आल्या आल्या पत्रं लिहिणारं एक एआय टूल घेतलं आणि मला म्हणाली, “काका, आपली सगळी जुनी पत्रं याला द्या. आपला ब्रँड व्हॉइस शिकवायचाय याला.” मालक खुर्चीतून म्हणाले, “म्हंजी काय?” ताई म्हणाली, “म्हणजे आपण लोकांशी कसं बोलतो ते, बाबा.” “मंग त्याला हितं बशिव माज्याशेजारी,” मालक म्हणाले, “पत्रं कशापाई?”

तिथून माझे जे हाल सुरू झाले ते विचारू नका. पहिल्या आठवड्यात ते टूल सारखं ‘आम्ही उत्कृष्टतेसाठी कटिबद्ध आहोत’ असं लिहायचं. मालकांनी ऐकून विचारलं, “ह्यो कोन बोलतोय? इलेक्शनला हुबा हाय का?” मग मी एकोणीस वर्षांच्या फायली काढून पत्रन् पत्र त्याच्या घशात घातलं, आणि ते शिकलं. फार शिकलं. ताईनं माहितीपत्रक मागितलं, तर पहिलीच ओळ : ‘आमच्या पेट्या मजबूत असतात, एखादी नसल्यास त्या दिवशी मी लग्नाला गेलो असेन.’ दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये दाढदुखी आली. नव्या गिऱ्हाइकाला दरपत्रक पाठवायचं, त्यात ओळख ना पाळख आणि त्याच्या आईचा गुडघा! मी लिहिलं, असं करू नको. त्यावर त्यानं माफी मागितली, आणि तीही अशी की, चूक सर्वस्वी माझी, पाहुणे आले होते. ताईनं कपाळाला हात लावला. मी तर नोकरीची उमेदच सोडली होती. इतका वेळ मी माणसालाही काही शिकवलेलं नाही, आणि माझ्या हाताखाली यंत्र बिघडलं.

पण त्या निमित्तानं सगळी पत्रं मी एका बैठकीत, ओळीनं वाचली. एका मे महिन्यात मालक पत्रांतून सात लग्नांना गेलेले होते. मला तो महिना चांगला आठवत होता. शेडमध्ये कामाचा नुसता रेटा होता, ते कुठंही गेले नव्हते, डबासुद्धा माझ्याबरोबर खायचे. मग माझ्या दुसऱ्या वर्षातलं एक पत्र निघालं. पेट्या चार इंच आखूड झाल्या होत्या, आणि कारण होतं, ‘माप सांगताना मीच चुकलो.’ मी ते स्वतः टाइप केलं होतं आणि इतकी वर्षं खरंही मानत आलो होतो. मालकांनी मला चुकीचं माप सांगितलं म्हणून घरी बायकोपाशी कुरकुरही केली होती. फाइलमध्ये मागेच कंपनीची मूळ ऑर्डर होती. माप बरोबर होतं. उतरवताना मी चुकलो होतो. मी फाइल मिटली. लाज वाटली, दुसरं काय.

आणि गेल्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं. चष्मा बदलायचा राहिला होता, तीनाचा आकडा मला आठ दिसला, आणि आख्खा ट्रक कंपनीच्या गेटवरून परत आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आता त्यांच्याकडे पत्र चालत नाही, पोर्टलवर भरावं लागतं, संध्याकाळी पाचच्या आत. मूळ कारण लिहायचं आणि खाली यादीतून जबाबदार माणसाचं नाव निवडायचं. त्या माणसाला त्यांच्या कामावरून कायमचं दूर ठेवायचं, अशी अट. आमच्याकडे मुख्य काम त्यांचंच. म्हणजे तो माणूस घरीच गेला म्हणायचा. टूलनं क्षणात कारण लिहून दिलं : ‘चूक माझी. भाच्याच्या मुलाचे जावळ होते, मी हजर नव्हतो.’ हुबेहूब मालक! ताईला हसू आलं, पण खाली यादी उघडली आणि ते मावळलं. यादीत फक्त नोकरांची नावं होती. मिस्त्री होता, मी होतो, कागदोपत्री पगारी असल्यामुळे ताई होती. मालक नव्हते.

“माझं टाका,” मी म्हणालो. “चूक माझीच आहे.” छप्पन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार होतं, हे मला ठाऊक होतं. पण यंत्राचं ते जावळ मला पाठववेना.

“काय बी टाकायचं न्हाई,” मालक खुर्चीतून म्हणाले.

“मालक, खरंच मी चुकलोय.”

“आसंल. तुमाला कोन इचारतंय? आजून हाय की मी.” आणि काठी घेऊन उठले. “बाय, गाडी काढ.”

गेल्यावर काय होणार हे ताईला कळत होतं, तरी तिनं गाडी काढली, मीही मागे बसलो. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं चांगल्या शब्दांत सांगितलं की जुने साहेब सोडून गेले, नवे चेन्नईला बसतात, आणि तक्रारीसाठी आता कोणी भेटत नाही, सगळं पोर्टलवर. मालक म्हणाले, “भेटू नगा. नुसतं रागवा.” तो बिचारा ओशाळला, त्यानं पाणी दिलं. मालक केबिनबाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिले. आतून गाड्या येत होत्या, जात होत्या. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, “बोलनी खायाला बी समोर मानूस लागतो की हो, भाऊसाहेब.” मी एवढ्या वर्षांत त्यांना थकलेलं पाहिलं नव्हतं.

पाचला दहा मिनिटं असताना ताईनं गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर पोर्टल उघडलं. मी नको म्हणेपर्यंत तिनं भरून पाठवलंही होतं. जबाबदार व्यक्ती म्हणून तिनं स्वतःचं नाव निवडलं होतं. त्या गिऱ्हाइकाशी आता तिला कधीच बोलता येणार नाही. ज्यांच्या भरवशावर ती शेड मोठी करायला निघाली होती, त्यांच्या दारात तिला उभं राहता येणार नाही. “असू दे, काका,” एवढंच ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर, पुनावळ्याच्या वळणावर मालक काचेतून बाहेर बघत म्हणाले, “पोरगी माज्यावर गेली, भाऊसाहेब.”

हे त्यांनी थोडं तरी आनंदानं म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.