जिच्यातून उठता येत नाही ती खुर्ची

खुर्च्या विकायच्या नाहीत. आधीच सांगून ठेवते, कारण अजूनही कुणी ना कुणी विचारायला येतं. मागच्या वर्षी पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी एक खुर्ची उलटी करून खालून पाहिली, लाकूड नखानं खरवडलं आणि मला म्हणाले, या ब्राझीलच्या आहेत, तुम्हाला कल्पना आहे का? मला कल्पना आहे का! अहो, मी सहा वर्षं या खुर्च्यांपायी एस.टी.च्या कंडक्टरांशी भांडले आहे. मी म्हटलं, बसून तर पाहा. ते त्या बुटक्या, रुंद खुर्चीत बसले आणि पार आत गेले. उठायची वेळ आली तेव्हा हातपाय झाडू लागले. मी हात दिला नाही. उठले आपले आपण आणि मग आकडा सांगितला. मी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

माझे बाबा अकोल्याला कापसाच्या एका परदेशी कंपनीच्या बंगल्यावर कामाला होते. झाडलोट, बागेला पाणी आणि दिवाणखान्यातलं सामान पुसणं हे त्यांचं काम. खानसामा त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावू देत नसे, पण दिवाणखाना सगळा त्यांच्या हाती होता. साहेब आधी ब्राझीलला होता, तिथंही कापूसच घ्यायचा. बदली झाली तेव्हा तो तिकडचं सामान जहाजात घालून घेऊन आला. वेतानं विणलेल्या दोन उभ्या पाठीच्या खुर्च्या, पट्ट्यापट्ट्यांचा एक लांब बाक आणि ही बुटकी खुर्ची. लाकूड काळं, मध्येच तांबडी रेघ, आणि बसायला जाड चामडं झोळीसारखं ताणलेलं. बाबा ब्राझीलला बराझील म्हणायचे. दर रविवारी जवसाच्या तेलात बोळा बुडवून ते एकेक पाय पुसत. लाकडाले बी तहान लागते, म्हणायचे.

घरी मात्र आमच्याकडे एक खुर्ची नव्हती. ते नुसतं गरिबीमुळं होतं असं कुणी समजू नका. आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या बाजूला. तिथं आमच्या वस्तीवरून पाटील निघाले की बाजेवर बसलेल्या माणसानं खाली उतरायचं, उभं राहायचं आणि जोहार म्हणायचा. म्हातारा असो, तापानं फणफणलेला असो. बाबांनी गाव सोडलं तेव्हा ते विशीत होते, पण ती सवय त्यांच्याबरोबर अकोल्याला आली. ते कुठंही बसले तरी अर्धेच बसायचे, एक टाच उचललेली.

छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आल्या आल्या मायनं देवांचं गाठोडं बांधून नदीत सोडलं. बाबांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं की आजपासून जोहार बंद. जीभ त्या दिवशी सुटली खरी, पण टाच काही खाली टेकली नाही. माझ्या ते तेव्हा ध्यानातही आलं नाही.

पुढच्या वर्षी साहेब मायदेशी निघाला आणि बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला. मी तेव्हा कॉलेजात नुकती गेले होते, बाबांचा डबा घेऊन तिथं पोचले. लिलाववाला एकेक वस्तूचं नाव पुकारत होता आणि बाबा ती उचलून लोकांना दाखवत होते. बुटक्या खुर्चीची बोली चालू असताना बाबांनी जरा अदबीनं विचारलं की आपणही बोली लावू शकतो का. बाजारातले एक व्यापारी पुढं बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "तुले कायले पायजे रे खुर्ची? भुईवर जागा कमी पडून राहिली का?" सगळे हसले. त्यांचं हसणं मी सहन केलं असतं. पण बाबाही हसले हो! खुर्ची हातात तशीच धरून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा तिथंच ठेवून मी घरी आले आणि मायला सांगितलं, नोकरी लागू दे, यातली एकही वस्तू मी दुसऱ्याच्या घरात राहू देणार नाही.

माय म्हणाली, आधी पास तर हो.

पास झाले, आणि अमरावतीला मुलींच्या शाळेत शिक्षिकाही झाले. आईवडलांना घेऊन दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. बाबांना कोणती वस्तू कोणी नेली हे तोंडपाठ होतं, जणू पोरी दिल्या होत्या. मग माझ्या सुट्ट्या त्यातच गेल्या. दोन्ही वेताच्या खुर्च्या मोर्शीला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे सापडल्या. एकीवर संत्र्यांच्या पाट्या रचल्या होत्या, दुसरीचा वेत फाटून बूड उघडं पडलं होतं. त्या एस.टी.च्या टपावर चढवल्या तेव्हा कंडक्टर म्हणाला, खुर्ची म्हणजे सामान नव्हे, सीट आहे, तिचं तिकीट पडेल. मी म्हटलं, तिकीट देता ना, मग आत आणा आणि बसवा खिडकीशी. सगळी गाडी हसली. शेवटी त्या टपावरूनच आल्या.

बाक अंजनगावला पानाच्या एका अडतीवर होता. वर्षानुवर्षं त्याच्यावर विड्याच्या पानांच्या ओल्या करंड्या ठेवून लाकडावर पांढरे डाग पडले होते. मालकाला बाकाशी काही देणंघेणं नव्हतं, पण मास्तरीण बाई एवढी दुरून आली म्हटल्यावर त्याला वाटलं, यात नक्की सोनं दडवलं असणार. त्यानं माझ्यादेखत बाक चारदा ठोकून पाहिला. तीन फेऱ्यांनंतर त्यानं दिला.

बुटकी खुर्ची मात्र आमच्याच शहरात निघाली, एका वकिलांकडे. त्यांनी हौसेनं घेतली होती, पण त्यांच्या आईनं चामड्याची वस्तू घरात येऊ दिली नाही. विटाळ! दुनियेत विटाळानं आमचं एवढं वाटोळं केलं, एकदाच काय ते भलं केलं. गोठ्याच्या बाजूला पडलेली खुर्ची वकिलांनी दाखवली आणि तोंड कसनुसं करून म्हणाले, घेऊन जा, बाई. मी ती रिक्षात घालून, स्वतः दांडीला धरून, भर बाजारातून घरी आणली. लोक बघत होते. बघू देत.

शाळेच्या स्टाफरूममध्ये कुजबूज झालीच. या लोकांना आता साहेबी थाट हवेत, असं एक बाई माझ्या पाठीमागं बोलल्या. मी वळून सांगितलं, हो, हवेत, आणि तुम्ही रविवारी बसायला या. त्या काही आल्या नाहीत.

इतकं सगळं केलं ते शोभेसाठी नव्हे. मला फक्त एक गोष्ट बघायची होती. त्या बुटक्या खुर्चीत माझे बाबा पाठ टेकून बसलेले मला बघायचे होते. बस्स.

आणि बाबा बसेनात. रविवारी जवसाचं तेल घेऊन सगळ्यांना चकचकीत करायचे, चामड्याला हळुवार हात फिरवायचे आणि मग तिच्या शेजारी जमिनीवर बसायचे. मी फारच मागं लागले तर वेताच्या खुर्चीच्या कडेवर टेकायचे. का बसत नाही विचारलं की एकच उत्तर, "तिच्यातून उठता येत नाई." मी समजले, गुडघे. वय झालं, कमरेचं दुखणं असेल, लाजेनं सांगत नसतील. मी शाळेत मुलींना कार्यकारणभाव शिकवत होते, घरात मात्र माझी अक्कल गवत खायला गेली होती.

मी मिस्त्रीला बोलावलं. त्याला सांगितलं की खुर्चीचे पाय चार बोटं उंच कर, खाली लाकडाचे ठोकळे ठोक. म्हातारा मिस्त्री खुर्चीभोवती दोनदा फिरला. म्हणाला, "बाई, ये तो शीशम की बहन है. इसको ठोकळा मत लगाव, गुनाह लगेगा." मी ऐकलं नाही. पैसा माझा, खुर्ची माझी, बाप माझा. त्यानं नाइलाजानं करवत काढली, तेवढ्यात मंडईतून माय आली. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाली,

"त्याचे गुडघे चांगले हायेत. त्या खुर्चीत पाठ टेकून बसा लागते. तुया बाप सारी उमर उठाच्या बेतानं बसला. त्याले दुसरं बसनं येतच नाई."

मी आत जाऊन भाजी निवडत बसले आणि खूप रडले. खुर्च्या गोळा करण्यात मी एवढी मश्गूल होते की ती उचललेली टाच मला दिसलीच नव्हती. मग मला बाबांचाच राग आला. संध्याकाळी मी त्यांच्यावर तोंड टाकलं. इथं अमरावतीत कोण येणार आहे तुम्हाला उठवायला, पाटील येणार आहेत का? त्यानंतर मी त्यांना बसा म्हणणं सोडून दिलं.

आणि पाहा, दीडेक वर्षानं खरोखरच पाटील आले. तेच पाटील, आता म्हातारे झालेले. त्यांच्या नातीला आमच्या शाळेत घालायचं होतं आणि मी तिथं आहे हे कुणीतरी सांगितलं असावं. निरोप दोन दिवस आधी आला, रविवारी सकाळी येतो म्हणून. मायची धांदल उडाली, साखर आण, कप उसने आण. मला मात्र दुसरीच धास्ती. बाबा उठतील, हात जोडतील, तोंडातून तो जुना शब्द निघेल, आणि माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांपुढं निघेल. ते मी बघू शकले नसते. पाटलांना येऊच नका म्हणून कळवावं असंही मनात आलं. पण त्यांच्यासाठी मी माझं दार का बंद करू?

रविवारी बाबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, रोजच्यासारखं तेल घेऊन सगळ्या खुर्च्या पुसल्या. मग बोळा डब्यात ठेवला, हात पुसले आणि बुटक्या खुर्चीत बसले. आधी कडेवर. मग हळूहळू मागं सरकत गेले, पाठ चामड्याला लागली, पाय लांब झाले. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. माय स्वयंपाकघराच्या दारात हातात चमचा घेऊन थबकली. मी पुस्तकात डोकं घातलं, पण एक अक्षर वाचलं असेल तर शपथ.

पाटील दारात आले. धोतर, कोट, हातात काठी. उंबऱ्यात थांबून आत पाहिलं. सवयच होती ना, समोरचा उठेल म्हणून ते थांबले. बाबा खुर्चीतून हलले नाहीत. फक्त मान वर केली.

"जयभीम, पाटील. या, बसा. मले उठता येत नाई, खुर्चीच तशी हाये."

पाटलांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाबांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, असू द्या, असू द्या, बसून राहा. आणि ते वेताच्या खुर्चीवर टेकले. अगदी कडेवर, काठी दोन्ही हातांत धरून, केव्हाही उठता येईल असे. मला हसू आवरेना, म्हणून मी चहा आणायला आत गेले.

नातीचं बोलणं झालं. मार्क चांगले होते पोरीचे. मी सांगितलं, मार्कांवर प्रवेश होईल, माझ्या ओळखीची गरज नाही, आणि शाळेत ती इतर मुलींबरोबर एकाच बाकावर बसेल. पाटील हो म्हणाले. त्यांनी कपातला चहा सगळा प्याला, हे मी मुद्दाम पाहिलं. निघताना ते बाबांसमोर क्षणभर उभे राहिले. बाबांनी खुर्चीतूनच हात जोडले. पाटलांनीही जोडले. मग काठी टेकत जिना उतरून गेले.

पावलं वाजायची थांबली तशी मी बाबांजवळ गेले आणि उठवायला हात पुढं केला. एवढ्या खोल खुर्चीत पाऊण तास बसलेला साठीचा माणूस. बाबांनी माझा हात बाजूला केला. दोन्ही पाय आत ओढले, अंग पुढं झुकवलं आणि एका दमात ताठ उभे राहिले. बंगल्यावरचा साहेब तसाच उठायचा म्हणे, आणि बाबांनी त्याला वर्षानुवर्षं रोज उठताना पाहिलं होतं. मी बघतच राहिले.

"बाबा, तुमाले तर उठता येते!"

"येते न, माये. पह्यलेपासूनच येते."

ते आत गेले, मायकडून आपला चहाचा कप घेतला आणि बाहेर येऊन परत त्याच खुर्चीत बसले, पाठ टेकून.