मालाडच्या वीस बाटल्या

संघमित्रा वाहूळ गेली चौदा वर्षं मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत दूध तपासते आणि स्वतः मात्र कोरा चहा पिते. तिला लहानपणापासून दूधच आवडत नाही, एवढंच त्याचं कारण. पण ते कुणाला पटत नाही. तिची नणंद रुचिरा तर सोसायटीभर सांगत फिरली, की वहिनी दूध पीत नाही म्हणजे दुधात काहीतरी भानगड नक्की आहे. त्यापायी बिचाऱ्या दूधवाल्याची तीन गिऱ्हाइकं तुटली.

कामात मात्र तिचा हात धरणारा कुणी नाही. तबेल्यातून प्रत्येक म्हशीच्या दुधाची वेगळी बाटली येते. दुधात औषध घालून हलवलं आणि ते जेलीसारखं घट्ट झालं, की समजायचं, म्हशीच्या कासेला आतून सूज आहे. वरून ती कितीही ठणठणीत दिसो.

मार्चमधल्या एका सोमवारी मालाडच्या चंद्रप्रकाश दुबे यांच्या तबेल्यातून वीस म्हशींच्या वीस बाटल्या आल्या. चंद्रप्रकाशकाका साठीचे, आजोबांच्या वेळेपासून मालाडात, म्हशींवर पोटच्या पोरींसारखी माया. संघमित्राने पहिली बाटली तपासली, दूध घट्ट झालं. दुसरी, तेच. विसावीपर्यंत तेच. हा अहवाल दुपारी दोनला गेला, की डेअरी उद्यापासून काकांचं दूध उचलणं बंद करणार होती.

तिने फोन लावला. "काका, वीसच्या वीस खराब आहेत."

काका एवढंच म्हणाले, "म्हणजे वाट लागली."

तिला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती मशीनवरचे फॅटचे आकडे बघत बसली. सात पूर्णांक चार. सात पूर्णांक चार. पार खालपर्यंत तेच. दोन सख्ख्या बहिणी असलेल्या म्हशींचंही फॅट इतकं जुळत नाही, आणि इथे अख्खा तबेला एका आकड्यावर. संघमित्राने कपाळावर हात मारला, साहेबांकडून संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली आणि सामानाची पिशवी घेऊन मालाडची बस पकडली.

"काका, खरं सांगा. या बाटल्या कुणाच्या?"

काका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागले. "आमच्या मोहिनी म्हशीच्या."

"सगळ्या?"

"तपासणी म्हणजे परीक्षाच ना, मॅडम. म्हणून टॉपर पोरगी बसवली. पाहुण्यासमोर कोणी फुटका कप ठेवतं काय?"

"तुमची टॉपरच नापास झालीय, काका."

रागवायचं ती मनाशी ठरवूनच आली असती, तरी त्या चेहऱ्यासमोर तिला ते जमलं नसतं. तिने बाह्या सरसावल्या आणि एकेका म्हशीचं दूध तिथेच, काकांच्या डोळ्यांदेखत तपासलं. एकोणीस स्वच्छ निघाल्या. मोहिनीच्या एकाच सडात दोष होता, तोही सुरुवातीचा. डॉक्टरांना आजच बोलवा, तिची धार सगळ्यांत शेवटी काढा आणि ते दूध डॉक्टर सांगेपर्यंत डेअरीत घालू नका, असं तिने बजावलं.

काका मोहिनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "हिला दुखत होतं, आणि मी हिलाच पुढे करत होतो."

पुढच्या महिन्यात वीस बाटल्या आल्या, प्रत्येकीवर म्हशीचं नाव, आणि मशीनवर फॅटचे वीस वेगवेगळे आकडे. मोहिनीचं दूध हलवलं, तरी पातळच राहिलं. संघमित्राने लगेच फोन केला.

"काका, मोहिनी पास."

"किती टक्के, मॅडम?"

संध्याकाळी मोहिनीच्या दुधाचे पेढे घेऊन काका स्वतः मुलुंडला आले. संघमित्राने घरी रुचिरासमोर, नाक न मुरडता, दोन खाल्ले. रुचिराने तेही सोसायटीभर सांगितलं आणि आठवड्याभरात दूधवाल्याची तिन्ही गिऱ्हाइकं परत आली.